पालीची भीती आणि पाठीवरचा बिंडा

मिरज तालुक्यातल्या एका गावाहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: "माझ्या पत्नीचं वय 31. तिला पालीची भयंकर भीती वाटते. पाल दिसली की किंचाळते, थरथरते, घामानं भिजते, अंगणात जाऊन उभी राहते ती तासभर आत येत नाही. आम्ही मळ्यात राहतो, त्यामुळं पाली असणारच. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात जायच्या आधी मी झाडू घेऊन कोपरा न् कोपरा बघून येतो. मी बाहेरगावी असलो तर चूल पेटत नाही, डबा शेजारून येतो. आई म्हणते, नाटकं आहेत. भीती मोडावी म्हणून धाकट्या भावानं तिच्या उशीवर रबराची पाल ठेवली, तेव्हापासून ती त्या खोलीत झोपतच नाही. आता आमचा 5 वर्षांचा मुलगाही पाल दिसली की ओरडायला लागलाय. यावर गोळी आहे का? का हे असंच चालायचं?"

असंच चालायचं काही कारण नाही. सांगलीत मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते त्याला 22 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जे आजार बघितले त्यांत एखाद्याच गोष्टीला धरून बसलेली भीती, म्हणजे भयगंड किंवा फोबिया, हा उपचारांना सगळ्यांत चांगला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी एक आहे. तरी त्यासाठी म्हणून कुणी सहसा येत नाही. झोप लागत नाही म्हणून येतात, मुलाच्या अभ्यासासाठी येतात आणि तिसऱ्या-चौथ्या भेटीला उठता उठता सांगतात, "मॅडम, अजून एक आहे, पण सांगायला लाज वाटते." जागतिक आरोग्य संघटनेनं अनेक देशांत केलेल्या पाहण्यांत साधारण 100 पैकी 7 जणांना आयुष्यात कधी ना कधी असा भयगंड झालेला आढळला, आणि बायकांमध्ये प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट. तुमच्या पत्नी एकट्या नाहीत, हे त्यांना नक्की सांगा.

आधी आईंच्या बोलण्याचं बघू, कारण घरात तो शब्द फिरत राहिला तर पुढचं काहीच होणार नाही. नाटकात माणूस बघणाऱ्याकडे लक्ष ठेवून असतो. तुम्ही लिहिलंय त्यात थरथर आहे, घाम आहे, तासभर एकटीनं अंगणात उभं राहणं आहे. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. धोका वाटला की तो विचार करणाऱ्या भागाची वाट बघत नाही. छातीत धडधड, श्वास जोरात, पायांत पळायचं बळ, हे सगळं डोळ्यांनी नीट बघून व्हायच्या आतच सुरू होतं. उसात वाट काढताना पायाशी दोरी दिसली तरी माणूस उडी मारतो आणि मग म्हणतो, "दोरी होती की!" तीच यंत्रणा. तुमच्या पत्नीच्या बाबतीत ती पालीशी जोडली गेली आहे, एवढंच.

म्हणून समजावून सांगण्याचा उपयोग होत नाही. "पाल काय करते गं तुला?" हे वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलं असेल. पाल काही करत नाही हे त्यांना तुमच्याइतकंच माहीत आहे, आणि म्हणूनच त्यांना स्वतःची जास्त लाज वाटते. घरातली पाल विषारी नसते. विष्ठेतून काही जंतू पसरू शकतात म्हणून अन्न झाकून ठेवावं, हात धुवावेत, इतपत खबरदारी सगळ्यांनीच घ्यायची. पण ही माहिती विचार करणाऱ्या मेंदूत जाऊन बसते आणि भीती तिथं राहतच नाही. शिवाय पालीच्या भीतीत नुसतं भय नसतं, किळसही असते. ती अंगावर पडेल, तिचा गार स्पर्श होईल, तुटलेलं शेपूट वळवळेल. उपचारात भयाइतकंच किळसेलाही तोंड द्यावं लागतं.

कारण शोधत बसू नका. लहानपणी तुळईवरून पाल मानेवर पडली होती का, कुणी घाबरवलं होतं का, असं सगळे खोदून विचारतात. प्राण्यांची भीती बहुतेक वेळा शाळेत जायच्या सुमारासच सुरू होते आणि कितीतरी जणांना पहिला प्रसंग आठवत नाही. तो न आठवताही उपचार होतो. भीती कशानं सुरू झाली यापेक्षा आज ती कशावर जगते आहे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

ती जगते टाळण्यावर. पाल दिसली, छाती धडधडली, त्या बाहेर पळाल्या, एकदम हायसं वाटलं. हे हायसं वाटणंच घात करतं. मेंदू त्यातून एकच हिशेब मांडतो: पळालो म्हणून वाचलो. तिथं थांबलो असतो तर काय झालं असतं हे बघायची संधी त्याला एकदाही मिळत नाही. दर पळण्यागणिक हिशेब पक्का होतो आणि घर आखडत जातं. आधी एक कोपरा, मग स्वयंपाकघर, मग झोपायची खोली.

आता तुमच्याबद्दल बोलते. मनाला लावून घेऊ नका. झाडू घेऊन तुम्ही रोज फिरता ते निव्वळ मायेपोटी, हे मला कळतं. पण आपल्याकडे विहिरीत पोहायला कसं शिकवतात ते आठवा. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधतात, हल्ली प्लास्टिकचा कॅन असतो. बिंड्याशिवाय पोर पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही, त्यामुळं तो हवाच. पण दुसरा उन्हाळा आला तरी पाठीचा बिंडा सुटला नाही तर पोराला वाटत राहतं की आपण तरंगतो ते त्या लाकडामुळं. तुमचा झाडू हा तो बिंडा आहे. शेजारचा डबा, रात्रभर जळणारा दिवा, पांघरूण तीनतीनदा झटकणं, हे सगळे बिंडेच. ते एका रात्रीत कापून टाकायचे नाहीत. हळूहळू सैल करायचे, आणि गाठ सोडायची ती त्यांनी स्वतः.

भावानं केलं ते मात्र ताबडतोब थांबलं पाहिजे. बिंडा न बांधता मागून ढकलून देणारे लोकही असतात. एखादं पोर हातपाय मारून वर येतं आणि त्याचीच गोष्ट पुढं वर्षानुवर्षं सांगितली जाते. जे पोर त्यानंतर पुन्हा कधी काठावर फिरकलंच नाही, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. उशीवर अचानक ठेवलेल्या पालीतून तुमच्या पत्नींचा मेंदू एवढंच शिकला की आता उशीचाही भरवसा नाही आणि घरातल्या माणसांचाही नाही. भावानं त्यांची मनापासून माफी मागावी. हे मी शिष्टाचार म्हणून सांगत नाही. पुढचा सगळा उपचार विश्वासावर उभा राहणार आहे, म्हणून सांगते.

उपचाराचं नाव एक्स्पोजर, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाणं. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या जेमतेम 3 वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशी घालवली: तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. त्याला 100 वर्षं होऊन गेली. पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या, गाभा तोच राहिला. 1989 मध्ये स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी दाखवलं की नीट तयारी केली तर जास्तीत जास्त 3 तासांच्या एकाच बैठकीतही बऱ्याच जणांचा असा भयगंड आटोक्यात येतो. मी स्वतः 6 ते 8 भेटींत काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना घर, शेत, मुलं सोडून सलग 3 तास बसणं जमत नाही, आणि मधल्या दिवसांत घरी केलेल्या सरावातून त्या जास्त शिकतात असा माझा अनुभव आहे.

तुमच्या घरी हे कसं होईल ते सांगते. त्यांनी एक वही घ्यावी आणि पालीशी संबंधित 10-12 गोष्टी लिहून प्रत्येकीपुढं 0 ते 10 मध्ये भीतीचा आकडा टाकावा. आकडा त्यांचा, तुमचा नाही. एखादीला नुसतं "पाल" लिहिण्यालाच 2 द्यावेसे वाटतात. पेन्सिलीनं काढलेलं चित्र 3, मोबाइलवरचा फोटो 4, हलणाऱ्या पालीचा व्हिडिओ 5. मग रबराची पाल टेबलावर, त्यांना आधी सांगून, त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली. ती भावानं ठेवलेल्या पालीसारखीच असली तरी अनुभव सगळा वेगळा होतो. मग काचेच्या बरणीत बंद केलेली खरी पाल, झाकणाला भोकं पाडून, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. पकडायचं काम तुमचं: भिंतीवर ग्लास उपडा ठेवायचा, मागून जाड कागद सरकवायचा, सराव झाला की अर्ध्या तासात बाहेर सोडून द्यायची. मग बरणी 10 फुटांवर, 5 फुटांवर, हाताशी. मग मोकळ्या भिंतीवरची पाल, आधी दारातून, नंतर त्याच खोलीत बसून चहा पिताना. शेवटी त्यांनीच झाडूनं तिला खिडकीबाहेर घालवायचं.

एकेका पायरीवर किती थांबायचं? अंगाला कळेपर्यंत. भीतीची लाट चढते, टोकाला जाते, आणि पळालं नाही तर आपोआप उतरते. 20 मिनिटं, कधी 40. आकडा 7 चा 3 वर आला की त्या दिवसाचं काम झालं. नाही उतरला तरी हरकत नाही. "ती माझ्या अंगावर झेप घेणार" असं जे वाटत होतं ते घडलं का, हे त्यांनी सरावाआधी आणि नंतर वहीत लिहायचं. माझ्या मते आकडा खाली येण्यापेक्षा ही नोंद मोलाची, कारण नवीन शिकणं तिच्यातून होतं. आठवड्यातून एकदा दोन तास करण्यापेक्षा रोज अर्धा तास करा, आणि एकाच खोलीत नको. स्वयंपाकघरात शिकलेलं धाडस माहेरच्या न्हाणीघरात आपोआप येत नाही, तिथंही थोडं शिकावं लागतं.

डोळे मिटून घेणं, नामस्मरणात मन गुंतवणं, तुमचा हात घट्ट धरणं, हे पहिल्या पायऱ्यांवर चालेल. वरच्या पायऱ्यांवर हे बिंडेही सोडायचे. श्रद्धेला माझा मुळीच विरोध नाही. देवाचं नाव घ्यावं आणि डोळे उघडे ठेवून पालीकडे बघत घ्यावं.

तुम्ही काय करायचं? पहिल्या आठवड्यात झाडू घेऊन बघून या, पण कोपरे सोडून. पुढच्या आठवड्यात फक्त दारातून बघा. त्यानंतर त्या आत जातील, तुम्ही उंबऱ्यावर उभे राहा. त्यांनी "आत पाल नाही ना?" असं विचारलं तर "नाही" म्हणू नका. तुम्हाला तरी काय माहीत? म्हणा, "भीती वाटतेय हे दिसतंय मला. मी इथंच आहे." उत्तर कोरडं वाटेल, त्या चिडतीलही. म्हणून हे सगळं आधी दोघांनी बसून ठरवा. न सांगता मदत काढून घेणं म्हणजे पुन्हा मागून ढकलणंच.

गोळीबद्दल विचारलंत. या प्रकारच्या भयगंडावर गोळी हा मुख्य इलाज नाही. ओळखीच्या दुकानातून "टेन्शनची गोळी" म्हणून अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम आणून घेणारे मी खूप बघितले. तासाभरात बरं वाटतं, पण मेंदू पुन्हा तोच हिशेब मांडतो: गोळी होती म्हणून वाचलो. सामोरं जाण्यातून जे शिकायचं ते त्या गुंगीत नीट शिकलं जात नाही आणि सवय लागते ती वेगळीच. जोडीला उदासी असेल, कारण नसताना अचानक घबराटीचे झटके येत असतील, झोप पूर्ण गेली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ औषधं देतात आणि ती घ्यावीत. हृदयविकार किंवा जोराचा दमा असेल तर सराव सुरू करायच्या आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

मुलाची मला जास्त घाई आहे, कारण त्याचं आत्ता सहज सुटेल. 1980 च्या दशकात अमेरिकेत सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. प्रयोगशाळेत वाढलेली पिल्लं सापाला घाबरत नव्हती. जंगलातून आलेली मोठी माकडं सापाला बघून कशी भेदरतात हे त्यांनी पाहिलं आणि तीही घाबरायला लागली. पण ज्यांनी आधी सापाजवळ शांत बसलेली माकडं पाहिली होती, त्यांच्यात नंतर ही भीती तितकी रुजली नाही. आपल्याच जिल्ह्यात बत्तीस शिराळ्याला नागपंचमीला जिवंत नाग हाताळायची पिढ्यांची प्रथा होती. पुढं कोर्टाच्या आदेशानं तिच्यावर बंधनं आली. तिथल्या वयस्कर माणसांशी बोलताना मला नेहमी जाणवतं की नागाचं नाव घेताना त्यांच्या आवाजात आदर असतो, थरकाप नसतो. त्यांनी लहानपणी घरातली मोठी माणसं तशीच पाहिली होती. मुलांनी सापाजवळ जावं असं मी अजिबात म्हणत नाही. साप विषारी असू शकतो; रात्री रानात जाताना बूट आणि बॅटरी हवीच, ती भीती शहाणपणाची आहे. पण मुलं कुणाकडे बघून काय शिकतात, हे यातून कळतं.

तेव्हा मुलासमोर पाल पकडून बाहेर सोडायचं काम तुम्ही शांतपणे, बोलत बोलत करा. "ही बघ, डास खायला आली होती." त्याला हात लावायला लावू नका, "मर्दासारखा राहा" म्हणू नका. तो ओरडला तर उचलून बाहेर नेऊ नका, जवळ घेऊन तिथंच थांबा. आणि आई सराव करताना त्याला कधी कधी बघू द्या. आई घाबरली तरी थांबली, हे त्यानं बघण्यासारखं आहे.

इतर भीतींबद्दलही दोन गोष्टी सांगते, कारण एकच पद्धत सगळीकडे चालत नाही. सुई किंवा रक्त बघून काही जणांना चक्कर येते, कुणी कोसळतात. त्यांच्यात आधी नाडी आणि रक्तदाब वाढतो आणि मग एकदम खाली येतो. त्यांना "अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या" सांगणं उलट पडतं. त्यांनी हात, पाय, पोट यांचे स्नायू 10-15 सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत. मग 20-30 सेकंद जरा मोकळं सोडायचं, पण पूर्ण सैल नाही, आणि हे पाच वेळा करायचं. याला अप्लाइड टेन्शन म्हणतात. सुईच्या भीतीपोटी 4 वर्षं साखर न तपासलेले एक मधुमेही गृहस्थ, साखर कारखान्यातले, हे शिकून आता दर 3 महिन्यांनी रक्त देतात. ज्या हाताला सुई टोचायची तेवढा मात्र सैल ठेवायचा.

दुसरं म्हणजे पूर. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तिथं 45 फूट ही धोक्याची पातळी. त्यानंतर पावसाचा जोर वाढला की ज्यांना झोप येत नाही, पाण्याचा वास आला की तेच दिवस डोळ्यांसमोर उभे राहतात, स्वप्नं पडतात, त्यांची भीती ही पालीसारखी नाही. ती आघाताची जखम आहे. तिच्यावरचे उपचार वेगळे आहेत आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावेत. अशा भीतीसाठी मी वर सांगितलेल्या पायऱ्या घरी करून बघू नका.

तुमच्या पत्नींच्या बाबतीत 3-4 आठवडे प्रामाणिक सराव करूनही पायरी पुढं सरकत नसेल तर मदत घ्या. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरातून निघणं अवघड असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. मराठीतून बोलता येतं. डॉक्टर असोत की मानसशास्त्रज्ञ, "तुम्ही एक्स्पोजर करता का?" असं स्पष्ट विचारा. नुसतं बोलून, धीर देऊन परत पाठवलं तर भयगंड आहे तिथंच राहतो.

आता थंडी आहे, पाली फारशा बाहेर येत नाहीत. चित्र, फोटो, रबराची पाल या पायऱ्या या दिवसांतच उरकता येतील. होळीनंतर उकाडा वाढला, दिव्याभोवती किडे जमायला लागले की खऱ्या पाली भरपूर मिळतील, तोवर बरणीपर्यंत पोचलेलं असावं. एक विनंती: प्रश्न तुम्ही विचारलात, पण हे उत्तर आधी त्यांना वाचायला द्या. वही त्यांनी आणावी, यादी त्यांच्या अक्षरात असावी, आणि पहिली ओळ लिहायला त्यांना दोन दिवस लागले तरी त्या वहीत डोकावू नका.